ब्रेकचं तेल जातं कुठं?

आम्ही मुंबईच्या गिरगावातल्या, फणसवाडीतल्या एका चाळीतल्या बायका. आज मोटारीच्या ब्रेकबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा काय आपला विषय? पण गाडीत मागच्या सीटवर पोराबाळांना घेऊन आपणच बसतो ना? मग तो आपलाच विषय.

आमच्या चाळीत एका दादांची जुनी प्रीमियर पद्मिनी होती. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात पाहिली असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. दादांची गाडी मात्र घरगुती. दर गणपतीला ती आम्हाला कोकणात न्यायची.

एका वर्षी निघायच्या दिवशी पहाटे गाडीखाली, मागच्या डाव्या चाकाशी ओलं दिसलं. पावसाचे दिवस, म्हणून आम्ही म्हटलं पाणी असेल. वडखळला चहाला थांबलो तेव्हा दादांनी ब्रेक ऑइल बघितलं, कमी होतं, बाटलीतून भरलं. माणगावला पुन्हा भरलं. आम्हाला वाटलं, जुनी गाडी आहे, पिते तेल. कशेडी घाट चढून खेडच्या बाजूला उतरायला लागलो, आणि दादांचा पाय पेडलसकट खाली गेला. गाडी थांबेना. दादांनी पेडल भराभर दाबलं, गिअर एकेक करून खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेत घेत थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण मांडीवरचं लेकरू घट्ट धरून आम्ही किती वेळ तशाच बसून होतो!

चूक आमचीच होती. सकाळपासून गाडी सांगत होती, आम्ही फक्त तेल भरत होतो.

आता हे तेल करतं काय, ते सांगतो. पाण्याने गच्च भरलेली नळी एका टोकाला दाबली की दाब दुसऱ्या टोकाला पोचतो. तसंच इथं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल बारीक पाइपांतून चारही चाकांकडे ढकललं जातं. तिथले छोटे सिलिंडर ब्रेकचे शू ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. हे तेल इंजिनात जळत नाही, उडूनही जात नाही. बंद घरातलं धान्य कमी झालं, तर उंदराचं बीळ शोधायचं की नाही? तसंच हे. नव्या गाड्यांत पॅड झिजले की पातळी कित्येक महिन्यांत जराशी उतरते. पण चार-आठ दिवसांत उतरली, तर ती गळतीच. आणि जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना मिळून एकच मार्ग असतो. एका जागी गळलं की चारही ब्रेक जातात.

गळती ओळखायची कशी? रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठल्या चाकाशी आहे ते बघा. इंजिनचं ऑइल काळं आणि दाट असतं. ब्रेकचं तेल पातळ, फिकट पिवळं, जुनं झालं की तपकिरी. बोटांना बुळबुळीत लागतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का, तेही बघा. मग गाडी उभी असताना पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली जात राहिलं, तर डाग नसला तरी मास्टर सिलिंडर तपासायला हवा. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं, तर पाइपात हवा शिरलेली असते.

आमच्या गाडीत काय निघालं? मागच्या चाकाच्या सिलिंडरमधलं बोटभर रबर कुजलं होतं. मेकॅनिकने रबर बदललं आणि तेलाने भिजलेले शूही बदलले, दोन्ही बाजूंचे. भिजलेला शू पुसून पुन्हा बसवू देऊ नका, तो धरत नाही. मग हवा काढली. या कामाला दोन माणसं लागतात. आमच्यातली एक सीटवर बसली. मेकॅनिक म्हणाला ‘दाबा’, की दाबायचं, ‘धरा’ म्हणाला की धरायचं, त्याने चाकाकडची निपल बंद केली की मगच सोडायचं. असं करत चारही चाकं.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. डबीच्या झाकणावर डॉट तीन किंवा डॉट चार जे लिहिलं असेल, तेच तेल घाला. इंजिन ऑइल किंवा रॉकेल कधीच नको, त्याने सगळी रबरं फुगतात. हे तेल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नका आणि दोन वर्षांनी सगळंच तेल बदला. ओल धरलेलं तेल घाटात तापून उकळतं आणि ब्रेक लागत नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आणि हे तेल विषारी आहे, उरलेलं सरबताच्या बाटलीत ठेवू नका.

तुमच्या गटाचा टेम्पो असेल, पोरांना शाळेत नेणारी जीप असेल. बचतीची वही आपण लिहितोच. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर ब्रेक ऑइल कधी घातलं, ती तारीख लिहा. एका महिन्यात दोन तारखा पडल्या, तर गाडी बाहेर काढू नका. आधी गळती बुजवा, मग तेल भरा.

ड्रायव्हरदादा म्हणतील, ‘ताई, चालतंय हो.’ त्यांना एवढंच विचारा : गाडी चालतेय हे आम्हालाही दिसतंय, पण ती थांबेल का?