राजाच्या चित्रांतील रंग

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें एक चित्र मीं वर्षानुवर्षें शाळेंतील मुलांना दाखवीत आलों. पुस्तकांत तें काळ्या शाईनें छापलेलें होतें. सेवानिवृत्तीनंतर त्याची रंगीत प्रत पाहिली, तेव्हां आपण मुलांना अर्धाच राजा दाखविला हें ध्यानांत आलें!

इयासिंत रिगो या चित्रकारानें हें चित्र १७०१ सालीं काढलें; आज तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. राजाचा पायघोळ झगा गर्द निळा असून त्यावर सोनेरी लिलीपुष्पें आहेत. निळ्यावर सोनेरी लिली हें फ्रेंच राजघराण्याचें चिन्ह. तेव्हां राजानें जणू राज्यच पांघरलें आहे. आंतील अस्तर अर्मिन नामक लहानशा प्राण्याच्या पांढऱ्या केसाळ कातड्याचें. हा शुभ्रपणा निष्कलंकतेचा मानीत. जोड्यांच्या टाचा मात्र लालभडक! तशा टाचा दरबारीं सरदारांनाच शोभत; नुसता पैका असून भागत नसे.

राजाची तेव्हां साठी उलटली होती. गाल बसलेले, तोंड आंत गेलेलें. चित्रकारानें तें लपविलेलें नाहीं. (मीही त्याच वयाचा, म्हणून नजर प्रथम तेथें गेली.) परंतु त्या निळ्या-सोनेरी पसाऱ्यांत तो म्हातारा चेहरा अगदीं लहान होऊन जातो. काळ्या छपाईंत नेमका तोच तेवढा दिसत असे.

हें चित्र वास्तविक स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाकडे धाडावयाचें होतें. लुईला तें इतकें आवडलें कीं त्यानें तें स्वतःपाशींच ठेवून घेतलें.