कात्री, खळ आणि पुस्तक
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालकांसमोर केलेले भाषण)





डॉक्टरला व्यासपीठावर बोलावले की तो रक्तदाब आणि मधुमेह यांवर बोलणार, अशी आपली रास्त अपेक्षा असते. आज आम्ही तो अपेक्षाभंग करणार आहोत. आमचा विषय आहे लहान मुलांची चित्रमय पुस्तके आणि ती वाचून मुलांसमवेत घरी करता येणाऱ्या साध्या हस्तकलेच्या वस्तू. विषय किरकोळ वाटेल; परंतु त्याच्याशी आमची एक जुनी चूक निगडित आहे. ती आधी सांगितली पाहिजे.

आमची आई निरक्षर होती. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे तुकडे जुळवून ती वाकळ शिवीत असे. कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल, हे तिला कोणी शिकविले नव्हते. वसतिगृहात जाताना तिने दिलेली वाकळ बरोबर नेण्याची आम्हांला लाज वाटली. पुढे आम्ही डॉक्टर झालो, अमेरिकेत आलो. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना कागदाचे कपटे घेऊन बसला, की आम्ही म्हणत असू, "पसारा आवर आणि अभ्यासाला बस." विचार करता ध्यानात येते, की ती लाज तीच होती. ज्या व्यवस्थेने हाताने राबणाऱ्याला हीन ठरविले आणि त्याच्या हाती पुस्तक पडू दिले नाही, तिच्याशी बाबासाहेब आयुष्यभर झुंजले. त्यांच्यामुळे पुस्तक आपल्या हाती आले. परंतु हाताविषयीची ती हीनबुद्धी आपणही नकळत जपली. पुस्तक आणि हात यांची ताटातूट आपल्या मुलांच्या वाट्याला तरी येऊ नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

लिओ लिओनी या चित्रकाराचे उदाहरण घ्या. हॉलंडमध्ये जन्मलेला हा कलावंत १९३९ साली इटलीहून अमेरिकेत आला. म्हणजे तोही आपल्यासारखा स्थलांतरितच. एकदा आगगाडीच्या प्रवासात कंटाळलेल्या नातवंडांना रमविण्यासाठी त्याने मासिकाची पाने फाडून रंगीत तुकडे केले आणि त्या तुकड्यांची गोष्ट रचली. तेच त्याचे १९५९ साली प्रसिद्ध झालेले 'लिटल ब्लू अँड लिटल यलो' हे पहिले बालपुस्तक. निळा आणि पिवळा हे दोन ठिपके जिवलग मित्र. एकमेकांना कवटाळताच ते हिरवे होतात आणि घरी परतल्यावर आईबाप त्यांना ओळखीत नाहीत. पुढे निळ्याचे आईबाप पिवळ्यालाही आलिंगन देतात, स्वतः हिरवे होतात, तेव्हा कुठे त्यांना उलगडा होतो.

गेल्या हिवाळ्यात आपल्या बालवर्गात आम्ही ही गोष्ट मराठीतून सांगितली. मुलांना निळा आणि पिवळा पतंगाचा कागद दिला. कागद फाडावयाचा, एकावर एक धरावयाचा आणि खिडकीच्या उजेडात पाहावयाचे. हिरवा रंग उमटताच वर्गात एकच कल्ला झाला. तेवढ्यात सात वर्षांच्या एका मुलाने आईला विचारले, "आजी फोनवर माझ्या मराठीला हसते. मी हिरवा झालोय का गं?" ती माउली क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "झालायस. मी पण झालेय रे." परदेशात मुले वाढविताना जे आपण एकमेकांशी बोलत नाही, ते दोन कागदाच्या कपट्यांनी बोलते केले.

याच लेखकाचे 'स्विमी' हे पुस्तक १९६३ सालचे. तांबड्या माशांमधला एकच काळा मासा सर्वांना एकत्र पोहावयास शिकवितो. सगळे मिळून एका प्रचंड माशाचा आकार धरतात आणि काळा मासा त्याचा डोळा होतो. बटाटा अर्धा कापून त्यावर मासा कोरा, तांबड्या रंगात बुडवा आणि मोठ्या कागदावर प्रत्येक मुलाला ठसे उमटवू द्या. आपापल्या शाळेत आपल्या वर्णामुळे वेगळी दिसणारी आपली मुले 'डोळा मी करणार' म्हणून भांडतात, हे पाहण्यासारखे असते. संघटन म्हणजे काय, ते त्यांना निराळे समजवावे लागत नाही.

थोडी मोठी मुले असतील तर 'भीमायन' घ्या. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चितारलेले बाबासाहेबांचे हे चरित्र २०११ साली निघाले. त्यात मायाळू बोल पक्ष्याच्या आकारात येतात, विषारी बोलांना विंचवाची नांगी असते. जाड कागदाचे असे पक्षी आणि विंचू मुलांकडून कापून घ्या आणि दिवसभरात कानी आलेले एकेक वाक्य त्यांवर लिहावयास सांगा. शाळेत काय घडले, हे विचारूनही न सांगणारे मूल विंचवावर ते लिहिते.

आता थोडे डॉक्टर म्हणून. मेंदूच्या पृष्ठभागावर हाताला आणि बोटांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा मिळालेली आहे. सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल कात्रीने कागदाची टोके कातरू लागते आणि चौथ्या वर्षाच्या सुमारास सरळ रेषेवरून कापते. घाई करू नये. कात्री बोथट टोकांची असावी. गव्हाच्या पिठाची खळ घरीच शिजवावी. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मणी, गुंड्या दूर ठेवाव्यात. स्वच्छतागृहातील कागदाच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती त्याच्या घशात अडकू शकते, असे समजावे. बटनासारख्या चपट्या बॅटऱ्या तर मुळीच हाताशी नसाव्यात.

आणि भाषेचे म्हणाल, तर मराठीचा याहून चांगला तास नाही. दुमड, घडी घाल, कड धर, टोक काप, चिकटव, वाळू दे. ही क्रियापदे मूल पाठ करीत नाही, ती त्याच्या बोटांत उतरतात.

बंधू-भगिनींनो, आठवड्यातून एक संध्याकाळ, ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक आणि रद्दीतला थोडा कागद, एवढेच आपणांकडे मागणे आहे. पसारा होईल, होऊ द्या. सभागृहाच्या मागील भिंतीवर मुलांनी ठशांनी केलेला मोठा मासा लावला आहे. भोजनास जाण्यापूर्वी तो अवश्य पाहा आणि आपल्या मुलाला त्याचा ठसा कोणता, ते मराठीतून विचारा.

जयभीम.