चार रिकाम्या जागा

गेल्या वर्षी सप्टेंबरात कास पठारावर जायचं ठरलं. मुलानं मोबाइलवर सहा जणांचं बुकिंग केलं. रविवारी सकाळी पाऊस लागला, नातवाला सर्दी झाली, आणि शेवटी मी आणि पत्नी दोघंच निघालो. फाटकापाशी एक वयस्क शेतकरी जोडपं उभं होतं. त्यांचं बुकिंग नव्हतं आणि दिवसाची संख्या भरली होती. दोघं मुकाट्यानं परत फिरले. आत तेरडा पाहिला, सीतेची आसवं पाहिली. पण मनात एकच टोचत होतं. आमच्या चार जागा रिकाम्याच होत्या.

मर्यादा हवीच. तिथं जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे. त्यावरचं नाजूक रोप पायाखाली गेलं तर बी धरणार कसं? 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तशी गर्दी आणखी वाढली. किती माणसं सोडायची, हे त्या मातीला विचारावं. पण कुणाला सोडायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तिकीट महाग केलं, की निवड खिसा करतो. सगळं बुकिंग मोबाइलवर ठेवलं, की ज्याला ते जमत नाही तो रांगेत उभाच राहू शकत नाही. अमेरिकेत ॲरिझोनात ‘द वेव्ह’ नावाचे लाटांसारखे खडक आहेत. तिथं सोडत काढतात. 2021 पासून दिवसाला 64 जणांनाच परवाना मिळतो. सोडतीत गरीब-श्रीमंत सारखेच, पण अर्ज तिथंही करावाच लागतो.

म्हणून मला वाटतं, जागांचे वाटे करावेत. काही आगाऊ बुकिंगला, काही एसटीनं येऊन खिडकीशी उभं राहणाऱ्याला, काही शाळांना आणि आसपासच्या गावांना. ज्याला जमणार नाही, त्यानं आदल्या दिवशी जागा सोडावी आणि ती खिडकीवर द्यावी. रेल्वेची वेटिंग लिस्ट अशीच पुढं सरकते ना?

लहानपणी आमच्या घरी दावतीला एका थाळ्याभोवती चौघं बसायचे. अम्मी म्हणायची, “आपल्या समोरचंच खा. भूक नसेल तर ऊठ, दुसऱ्याला बसू दे.”

यंदा बुकिंग करण्याआधी घरात प्रत्येकाला विचारणार आहे, “नक्की येणार ना?”