पुण्याचा कौल आणि मुळशीचा मतदार

(रिहे, ता. मुळशी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रिह्याच्या माणसाला पुणे परके नाही. दूध-भाजी, नोकरी, कॉलेज, दवाखाना या सगळ्यांसाठी तो पिरंगुट-भूगावच्या रस्त्याने पुण्याला जातो. परंतु लोकसभेसाठी त्याचे मत पुण्यात पडत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मुळशी नावाचा विधानसभा मतदारसंघ संपला. तालुका भोर मतदारसंघात आणि त्यायोगे बारामती लोकसभेत गेला. पुण्याचे विद्यमान खासदार मुरलीधर मोहोळ हे मूळचे मुळशीचे. पण मुळशीला त्यांना मत देता येत नाही, की नाकारताही येत नाही. मग पुण्याच्या निवडणुकांचा इतिहास येथे कशासाठी सांगायचा? अशासाठी, की शहर आता टेकडी ओलांडून मुळशीत उतरले आहे. शहराने आपले प्रतिनिधित्व कसे मिळवले आणि कसे गमावले, हे त्याच्या वाटेवरच्या गावांनी वेळीच जाणून घेतले पाहिजे.

१९५२ साली पुणे मध्य मतदारसंघातून काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिणमधून इंदिराबाई मायदेव हे दोघेही काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. त्यानंतर आजतागायत पुण्याने एकही स्त्री लोकसभेत पाठविलेली नाही. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या शहराला ही गोष्ट भूषणावह नाही.

१९५७ ला चित्र पालटले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे पक्ष एका व्यासपीठावर आले. समितीचे पुण्यातील उमेदवार होते नानासाहेब गोरे. मे १९५५ मध्ये सेनापती बापटांसह गोव्याच्या सत्याग्रहींची पहिली तुकडी नेणारे आणि पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगून १९५७ च्या आरंभी सुटलेले हे नेते. सेनापतींचे नाव मुळशीला नव्याने सांगावे लागत नाही. १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध येथल्या शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्याचे ते सेनापती. नानासाहेबांनी काकासाहेबांसारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला. काकासाहेबांच्या योग्यतेविषयी लोकांच्या मनात किंतु नव्हता. मत पडले ते मराठी राज्याच्या मागणीला.

१ मे १९६० रोजी ते राज्य मिळाले आणि समितीला एकत्र बांधणारा धागा तुटला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, निम्मे शहर पाण्याखाली गेले, हजारो संसार उघड्यावर आले. राज्यकर्त्यांविरुद्ध संताप होता. तरीही अवघ्या सात महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत पुण्याने काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून दिले. शेतकरी कामगार पक्षाचे एक संस्थापक असलेले मोरे तोवर काँग्रेसवासी झाले होते. संताप आपोआप मत होत नाही. त्याला पक्षांची एकजूट आणि वस्तीवस्तीतले कार्यकर्ते लागतात. १९६२ ला विरोधकांजवळ त्यांपैकी पहिली गोष्ट उरली नव्हती आणि दुसरी पुरेशी नव्हती.

१९६७ साली एस. एम. जोशी संयुक्त समाजवादी पक्षातर्फे विजयी झाले. डॉ. लोहियांच्या बिगरकाँग्रेसवादाचे ते वर्ष. अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, महाराष्ट्रात मात्र टिकली. अशा राज्यात पुण्याने एस. एम.ना निवडले, यात संरक्षण कामगारांच्या संघटनेतील त्यांच्या कामाचा आणि निष्कलंक चारित्र्याचा वाटा मोठा होता. पण १९७१ मध्ये 'गरिबी हटाव'ची लाट आली आणि जागा काँग्रेसच्या मोहन धारियांकडे गेली. जयप्रकाशांशी संवाद करावा असे म्हटल्याबद्दल १९७५ साली धारियांना मंत्रिपद गमवावे लागले. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ ला तेच धारिया जनता पक्षातर्फे त्याच पुण्यातून निवडून आले. पुणेकरांनी आणीबाणीला दिलेले ते उत्तर होते.

समाजवादी पक्ष १९७७ मध्ये जनता पक्षात विलीन झाला. दोनच वर्षांत जनता पक्ष फुटला. त्यानंतर पुण्याच्या लोकसभेच्या जागेवर समाजवाद्यांचा स्वतंत्र दावा उरला नाही. १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ निवडून आले. १९९१ ला भाजपचे अण्णा जोशी, १९९६ ला काँग्रेसचे सुरेश कलमाडी, १९९८ ला विठ्ठल तुपे, १९९९ ला भाजपचे प्रदीप रावत, २००४ आणि २००९ ला पुन्हा कलमाडी, २०१४ ला अनिल शिरोळे, २०१९ ला गिरीश बापट. लढत दोन पक्षांची झाली.

येथे एक विसंगती विचारात घेतली पाहिजे. राष्ट्र सेवा दल, 'साधना', बाबा आढावांची हमाल पंचायत या साऱ्यांचे पुण्याशी जवळचे नाते. १९६९ चा माथाडी कायदा हे पाठीवर ओझे वाहणाऱ्यांच्या संघटित झगड्याचे फळ. एवढे काम असताना मते का टिकली नाहीत? कारण चळवळीचे काम आणि निवडणुकीचे काम यांच्यामध्ये पूल बांधला गेला नाही. ज्या हमालाला पंचायतीने माणूस म्हणून उभे केले, त्याच्या दारात मतदारयादी घेऊन पाच वर्षे जाणारा पक्ष घडला नाही. लाटेने दिलेले लाटेबरोबर गेले.

अलीकडचा दाखला हेच सांगतो. मार्च २०२३ मध्ये एकजुटीच्या बळावर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी कसब्याची पोटनिवडणूक जिंकली. १९९५ पासून भाजपकडे असलेली ती जागा. वर्षभराने ते लोकसभेला हरले, नोव्हेंबर २०२४ मध्ये कसबाही गेला आणि २०२५ मध्ये ते शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. एका माणसाभोवती उभा राहिलेला विजय तो माणूस गेला की उरत नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. २९ मार्च २०२३ रोजी गिरीश बापट यांचे निधन झाले. रिक्त जागा साधारणतः सहा महिन्यांत भरावी असे कायदा सांगतो. निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक घेतली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तातडीने घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. पुणे वर्षाहून अधिक काळ खासदाराविना राहिले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. तोवर कारभार प्रशासकाच्या हाती. शहरात यावर मोठे आंदोलन उभे राहिले नाही.

त्याची किंमत मुळशीने मोजली आहे. जून २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही मुळशीची गावे महापालिकेत गेली. ग्रामपंचायती संपल्या, पण मतदान करून निवडलेला नगरसेवक त्यांना साडेचार वर्षे मिळाला नाही. कर महापालिकेला, आमदार भोरचा, खासदार बारामतीचा, आणि पाणी-कचऱ्याची तक्रार ऐकायला प्रशासक! उद्या ही वेळ आणखी गावांवर येऊ शकते.

म्हणून रिह्यासारख्या गावाने काय करावे? हद्दवाढीचा प्रश्न दारात येण्याआधी ग्रामसभेत मांडावा आणि ठराव लेखी घ्यावा. मतदारयादी दरवर्षी तपासावी. स्थलांतरित मजुरांची आणि सासरी आलेल्या मुलींची नावे त्यात आहेत की नाहीत ते पाहावे. मुदत संपताच निवडणूक व्हावी, या मागणीसाठी सर्व पक्षांना एकत्र बसवावे. नानासाहेब आणि एस. एम. यांच्यासाठी लाट उभी करणारी माणसे पुण्यात होती. लाट ओसरल्यावर कामाला लागणारी माणसे मुळशीला आता, निवडणूक दूर असतानाच, घडवावी लागतील.