उंचीला दिवस द्या



मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला की घराघरांत थंड हवेचे बेत शिजू लागतात. कुणी केदारनाथला निघतं, कुणी मनालीला, आणि अलीकडे लेह-लडाखला जाणाऱ्यांची संख्याही आपल्या जिल्ह्यांत वाढते आहे. गेल्यावर नुसतं बघून परतायचं नाही, तर एखादा छोटा ट्रेक करायचा, एखाद्या उंच खिंडीपर्यंत जाऊन यायचं, अशी तरुणांची हौस असते. ही हौस चांगली आहे. ती जरूर पुरवावी. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते ती नीट कशी पुरवावी याविषयी. त्यातही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या माणसाने उंचावर जाताना कोणती खास काळजी घ्यावी, याविषयी.

सुरुवात आपल्याच मुलांपासून करू. मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावं. मोहिमेचं नाव होतं ‘मिशन शौर्य’. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये या पाचही जणांची नावं घेतली, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांची मान उंचावली. डोंगरपाड्यांतली ही मुलं काटक होती, चालायला खमकी होती, हे खरंच. पण त्यांच्या यशातली एक गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. त्यांचं प्रशिक्षण ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे टप्पे घेत ती पायरीपायरीने उंच गेली. सुमारे नऊ महिने त्यांच्या शरीराला आणि मनाला तयारीसाठी मिळाले. आणि तरीही निवडलेल्या सगळ्याच मुलांना माथा गाठता आला नाही. जी मागे फिरली तीही तितकीच धीराची होती.

आता आपला सहलीचा बेत त्यांच्या तयारीशेजारी ठेवून पाहा. आपण राहतो समुद्रसपाटीपासून 200 मीटरच्या आसपास. बल्लारशाहला किंवा नागपूरला गाडी धरायची, दिल्लीला उतरायचं आणि सकाळच्या विमानाने सव्वा-दीड तासात लेहला पोचायचं. लेहची उंची सुमारे 3,500 मीटर. म्हणजे एका सकाळीत आपण तीन हजार मीटरहून जास्त वर गेलेलो असतो. केदारनाथचंही तसंच. मंदिर 3,583 मीटरवर आहे. गौरीकुंडाहून पायी चढणाऱ्याला निदान दिवसभर तरी मिळतो. गुप्तकाशीच्या बाजूने हेलिकॉप्टरने जाणारा मात्र काही मिनिटांत वर पोचतो. पर्वतावर नऊ महिने आणि काही मिनिटं यांतला फरक शरीराला बरोबर कळतो.

तिथे नेमकं काय होतं? हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे सारखंच असतं, सुमारे 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासाबरोबर छातीत जाणारा प्राणवायू घटतो. लेहला तो आपल्या इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, साडेपाच हजार मीटरवर निम्मा, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक तृतीयांश. शरीर यावर उपाय करतं. पहिल्या काही तासांतच श्वास वाढतो. मग पुढचे दोन-चार दिवस मूत्रपिंडं रक्तातला क्षाराचा तोल बदलतात, त्यामुळे लघवी जास्त होते. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या कामाला घाई करता येत नाही. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर असो की रोज रानात दहा-वीस किलोमीटर चालणारे पाय, इथे दोघांना दिवस सारखेच लागतात.

आपल्याकडच्या माणसाचा घोटाळा नेमका इथे होतो. मोहफुलं वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी आपली माणसं चालायला दमत नाहीत. पाय दमत नाहीत म्हणून ती पहिल्याच दिवशी भराभर चढतात. आणि भराभर चढणाऱ्यालाच उंचीचा त्रास आधी गाठतो. महाराष्ट्रातला कुठलाही डोंगर यासाठी पूर्वपरीक्षा होऊ शकत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरच. नागभीडजवळचा सात बहिणींचा डोंगर किंवा गडचिरोलीतला टिपागड चढून पायांची, दमाची तयारी होते. ती अवश्य करा. मात्र वनविभागाची परवानगी घेऊन आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन, कारण हे वाघाचं रान आहे. पण विरळ हवेची सवय या डोंगरांवर होत नाही.

उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, आणि तो पोचल्यापोचल्या दिसत नाही. सहा ते बारा तासांनी दिसतो. म्हणून लेहला उतरलेला माणूस दुपारी ताजातवाना असतो, बाजारात फिरतो, फोटो काढतो, आणि रात्री त्याचं डोकं ठणकू लागतं. जेवण नको वाटतं, मळमळतं, झोप तुटक लागते. एवढंच असेल तर घाबरू नका. त्याच उंचीवर थांबा, विश्रांती घ्या, पाणी प्या. बहुतेकांना दिवसा-दोन दिवसांत बरं वाटतं. मात्र डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. हा नियम मोडायचाच नाही.

धोक्याच्या खुणा दोन आहेत. पहिली छातीची. बसल्याजागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, ओठ निळसर पडतात, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. याचा अर्थ फुफ्फुसांत पाणी साचू लागलं आहे. हे बहुधा दुसऱ्या रात्रीनंतर होतं. दुसरी खूण मेंदूची. माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो, चालताना झोकांड्या देतो. तिची परीक्षा सोपी आहे. खोलीतल्या फरशीची एक सरळ रेघ पकडा आणि त्या माणसाला एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावलं चालायला सांगा. शेजारी आपण उभं राहायचं, पण धरायचं नाही. तोल गेला, रेघ सुटली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी गाडी काढा आणि त्याला निदान 300 ते 1,000 मीटर खाली आणा, रुग्णालयात न्या. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही श्वासांपुरता असतो. त्याच्या भरवशावर वर थांबून राहणं जिवावर बेतू शकतं. खाली उतरणं हाच खरा उपचार.

आता आपल्या दोन जिल्ह्यांची खास गोष्ट. ही कुठल्या सहल कंपनीच्या पत्रकात सापडणार नाही, म्हणून नीट लक्ष द्या. ती आहे सिकलसेलची. आपल्याकडे आदिवासी समाजात आणि इतरही अनेक समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. अशा रुग्णाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्राणवायू कमी पडणं हेच तर उंचीचं वैशिष्ट्य. म्हणून ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, म्हणजे ज्यांच्या अहवालावर ‘एसएस’ लिहिलेलं आहे, त्यांनी उंच पर्वताचा बेत आखू नये. विमानप्रवास करायचा तरी आधी डॉक्टरांना विचारावं. देशात बघण्यासारखं पुष्कळ आहे. समुद्र आहे, लेणी आहेत, नर्मदेचा काठ आहे.

पण जास्त बोलायला हवं ते वाहकांविषयी, म्हणजे ‘एएस’ अहवाल असलेल्यांविषयी. वाहक माणूस एरवी निरोगी असतो. शेती करतो, कबड्डी खेळतो, पोलीसभरतीची धाव घेतो. आपण वाहक आहोत हे कित्येकांना आयुष्यभर कळतही नाही. अशा माणसाला उंच ठिकाणी, विशेषतः जास्त श्रम झाले आणि पाणी कमी पडलं तर, कधी कधी प्लीहेला इजा होते. प्लीहा म्हणजे डाव्या बरगड्यांखालचा अवयव, आपल्याकडे त्याला पाणथरीही म्हणतात. तिथे अचानक तीव्र कळ येते, ओकारी होते, ताप येतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. आणि तिथल्या डॉक्टरांना तुम्ही वाहक आहात हे माहीत नसेल तर निदानाला उशीर होतो. वाहकाने हिमालयात जाऊच नये असं मी म्हणत नाही. त्याने डॉक्टरांशी बोलून, हळू चढून, पाणी भरपूर पिऊन आणि अहवालाची प्रत खिशात ठेवून जावं. डाव्या कुशीत कळ आली की लगेच खाली उतरावं.

म्हणून तिकिटं काढण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि त्यात काही आढळलं तर इलेक्ट्रोफोरेसिसने आजार की वाहक हे नक्की करतात. देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. आपल्याकडे तर त्याआधीपासून तपासण्या होत आल्या आहेत. घरात कुणाचं सिकलसेलचं कार्ड असेल, तर बाकीच्यांनी तपासून घ्यायलाच हवं. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघा. रक्त कमी असलेल्या बाईला किंवा मुलीला विरळ हवेत जास्त त्रास होतो, आणि रक्तवाढीच्या गोळ्यांना काही आठवडे द्यावे लागतात.

आणखी दोन गोष्टी इथल्याच. एक, हिवताप. गडचिरोलीच्या रानातून निघालेल्या माणसाच्या अंगात हिवतापाचे जंतू आधीच शिरलेले असू शकतात, आणि ताप दहा-पंधरा दिवसांनी, ऐन पर्वतावर येऊ शकतो. लेहमधल्या डॉक्टरच्या मनात हिवताप चटकन येणार नाही. तेव्हा ताप आला तर आपण होऊन सांगा, “मी गडचिरोलीहून आलो आहे, हिवतापाचं रक्त तपासा.” दुसरी गोष्ट खर्रा. खर्ऱ्यातल्या तंबाखूने नाडी वाढते, भूक मरते, डोकं गरगरतं. उंचीच्या त्रासाच्या खुणाही जवळपास याच. मग गरगरलं ते खर्ऱ्यानं की उंचीनं, हे कसं ओळखणार? निदान ते आठ-दहा दिवस पुड्या घरीच राहू द्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांनाही उंचावर मनाई, कारण त्यांनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

मग छोटी मोहीम आखायची कशी? तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्री झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांतीला ठेवा. दिवसा उंच चढावं आणि झोपायला खाली यावं, ही गिर्यारोहकांची जुनी रीत आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी म्हणूनच उत्तराखंडातलं तुंगनाथ मला फार योग्य वाटतं. चोपता सुमारे 2,700 मीटरवर. आदल्या रात्री तिथे मुक्काम करा, सकाळी साडेतीन-चार किलोमीटर चढून 3,680 मीटरवरच्या तुंगनाथला पोचा, अंगात बळ असेल तर वर चंद्रशिला गाठा, आणि संध्याकाळी चोपत्याला परत या. उंची अनुभवली, बर्फाची शिखरं डोळे भरून पाहिली आणि झोप खाली झाली.

लडाखला जाणार असाल तर लेहमध्ये पहिले दोन दिवस काही करू नका. पहिल्या दिवशी खोलीत पडून राहा, थोडं थोडं खा, जिने सावकाश चढा. दुसऱ्या दिवशी गावात रमतगमत फिरा. तिसऱ्या दिवशी खारदुंग-ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात जा. खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. मात्र नुब्रातली गावं लेहपेक्षा खाली आहेत, त्यामुळे रात्र तिथे चांगली जाते. सव्वाचार हजार मीटरच्या आसपास असलेल्या पँगाँग सरोवराचा मुक्काम त्याच्यानंतर ठेवा. काही सहलींत हा क्रम उलटा असतो. तुमच्या सहलीचा क्रम असा उलटा असेल तर पैसे भरण्यापूर्वी तो बदलून मागा. उंचीसाठी घ्यायच्या गोळ्याही मिळतात, पण त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, सिकलसेल, यातलं काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी नको.

आणि गटात एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवा. कुणाला त्रास झाला तर एक जण त्याच्यासोबत खाली येईल, त्याला एकटं पाठवायचं नाही, आणि त्याला कुणी भित्रा म्हणायचं नाही. पुष्कळ माणसं डोकेदुखी लपवतात ती सोबत्यांचा बेत मोडू नये म्हणून. हे लपवणंच जिवावर उठतं.

श्रोतेहो, चंद्रपूर-गडचिरोलीची मुलं कुठल्याही उंचीवर जाऊ शकतात, हे 2018 मध्ये सिद्ध झालं आहे. ते नुसत्या जोरावर झालं नाही, तयारीला दिलेल्या दिवसांमुळे झालं. तुम्हीही जा, मुलाबाळांना न्या, बर्फात खेळू द्या. मात्र निघण्यापूर्वी दोन कामं करा. घरातल्या प्रत्येकाची सिकलसेल तपासणी करून घ्या, आणि सहलीत दोन दिवस नुसते थांबण्यासाठी राखून ठेवा. रजा कमी असेल तर ठिकाणं कमी करा. हे दोन दिवस मात्र कमी करू नका.