शेळी वर बघून खाते



व्याख्यानमालेत शेळीवर बोलायला माणूस बोलावणं हे संयोजकांचं धाडसच म्हणायचं. पण लग्नसराई चालू आहे, तेव्हा वेळ मात्र नेमकी साधली आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात भात, पुऱ्या, बुंदी उरते. अन्न टाकवत नाही, म्हणून कुणीतरी ते टोपलं उचलून शेळ्यांपुढे ठेवतं. शेळ्या तुटून पडतात, आपल्यालाही बरं वाटतं. संध्याकाळी बघावं तर रवंथ बंद. शेळी दात खाते, डाव्या कुशीत पाणी खळखळतं, सकाळी पातळ हागवण लागते, आणि त्यात गाभण शेळी असली तर ती उठतच नाही. मग गावात कुजबुज सुरू होते, की कुणीतरी विष घातलं. मी नोकरीची सगळी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. असल्या विषाच्या तक्रारींत बहुतेक वेळा शेळीच्या पोटात भात सापडायचा.

शेळीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जिवाणूंची वसाहत. पाला, भुसकट, काड्या पचवायला बसलेले हे जिवाणू. त्यांच्यावर एकदम भात किंवा पीठ ओतलं, की दुसऱ्याच जातीचे जिवाणू बोकाळतात, आंबवण होते, आम्ल वाढतं आणि ते रक्तात उतरतं. खळ्यावर ज्वारीच्या राशीत शेळीनं तोंड घातलं तरी हेच. असं झालं तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, ठसका लागणार नाही असा हळूहळू पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. देवऋषी नंतर बघू.

माझं आज एकच सांगणं आहे. आपण शेळीला छोटी गाय समजून खायला घालतो, आणि तिथंच चुकतो. गाय मान खाली घालून गवत कापत जाते. शेळीचं तसं नाही. तिला बांधावर सोडा आणि नीट बघा. पायाशी हिरवं गवत असलं तरी ती आधी बाभळीकडे जाते, मागच्या दोन पायांवर उभी राहते, पुढचे खूर फांदीला टेकवते. वरचा ओठ बोटांसारखा हलवत काट्यांच्या मधला पाला तेवढा वेचते. चार घास खाल्ले की पुढं बोरीकडे. एका झाडावर पोट भरणं तिच्या स्वभावात नाही.

याचा संबंध थेट तिच्या आजारांशी आहे. जंतांची पिल्लं लेंडीतून जमिनीवर येतात आणि दवाच्या ओलीनं गवताच्या बुडाशी, चार-सहा बोटांच्या उंचीपर्यंत चढतात. वरचा पाला खाणाऱ्या जनावराला ती फारशी भेटत नाहीत, त्यामुळे जंतांशी लढायची ताकद शेळीत मेंढीपेक्षा कमी आली. आता आपण तिला पावसाळ्यात आखूड गवतावर चारतो आणि मग तक्रार करतो, की औषध पाजूनही शेळी खंगते. रक्त पिणारा जंत असला तर एक सोपी परीक्षा आहे. खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक. पांढरट पडली असेल तर अंगात रक्त उरलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत याचा रंगतक्ता केला, तो आता जगभर वापरतात. सरसकट सगळ्या कळपाला उठसूट औषध पाजलं की जंतच औषधाला निगरगट्ट होतात.

पण मोकळं सोडायला रानं कुठं राहिली? राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथं चराईबंदी केली, पाणी आलं, झाडं आली. ते योग्यच झालं. मग रान शेळीकडे आणायचं. दहा शेळ्यांचा हिशोब मांडू. तीस किलोच्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, किलोभराच्या आत सुका चारा आणि मूठ-दोन मूठ खुराक पुरतो. चार किलोनं रोजचे चाळीस किलो, म्हणजे वर्षाला साडेचौदा टन. पाणी असेल तर अर्ध्या एकरातल्या दशरथ घासावर आणि बांधावरच्या शेवरी-शेवग्यावर हे भागतं. सुक्याची तर आपल्या मराठवाड्यात चिंताच नको. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट शेळी आवडीनं खाते आणि आपण ते पेटवून देतो! बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून पोत्यात भरून ठेवा.

सुबाभूळही चांगली, पण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे नको. तिच्यातल्या एका द्रव्यानं केस गळतात. ऑस्ट्रेलियातले रेमंड जोन्स यांना याच सुबाभळीवर मजेत जगणाऱ्या शेळ्या हवाई बेटांवर दिसल्या. त्या द्रव्याचा फडशा पाडणारा जिवाणू त्यांच्या पोटात होता. तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात नेऊन सोडला आणि तोही तिथं सुखानं नांदला. पाण्याच्या टाकीत वाढवतात त्या अझोल्याबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: ताज्या अझोल्यात शंभरातले नव्वदाहून जास्त भाग पाणी असतं. टाकीला पैसे घालायच्या आधी बांधावर शेवगा लावा.

हा चारा जमिनीवर टाकू नका. पायाखाली तुडवलेला, लेंडी-मूत लागलेला पाला शेळी उपाशी राहील पण खाणार नाही. जुड्या बांधून तिच्या तोंडाच्या वर टांगा. एवढ्यानंही नासाडी खूप कमी होते.

करडांचं थोडक्यात सांगतो. आपली उस्मानाबादी शेळी जुळी द्यायला मागेपुढे बघत नाही, पण दोन्ही जगवणं आपल्या हातात आहे. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. ‘वार पडल्यावर पाजू’ म्हणणाऱ्या आजीबाईंना माझा नमस्कार, पण त्यांचं ऐकू नका. नाळेला आयोडीन लावा. गाभणपणाच्या पाच महिन्यांतला शेवटचा दीड महिना खुराक हळूहळू वाढवा, कारण करडू पोटात तेव्हाच वाढतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या आधी टोचा. पीपीआर या साथीच्या रोगाची एकदा टोचली की साधारण तीन वर्षं बघायला नको. बोकड दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींना लागतो आणि करडं खुरटी निघतात.

राहिला बकरी ईदचा बोकड. त्याला शेवटच्या दोन महिन्यांत मका चारून फुगवायची टूम निघाली आहे. खच्ची बोकडाला नुसतं धान्य चारलं आणि पाणी कमी पडलं की मुतखडा होतो. थेंबथेंब मुततो, मान वळवून पोटाकडे बघतो, आणि ऐन बाजाराच्या आठवड्यात हातचा जातो. धान्य वाढवायचं तर पंधरा दिवसांत थोडं थोडं, सोबत पाला आणि पुढ्यात कायम स्वच्छ पाणी.

आणि विकताना वजन करा. बाजारात व्यापारी पाठीवरून हात फिरवून, कंबर दाबून आकडा सांगतो. त्याच्या हाताला वजन कळतं, आपल्याला कळत नाही. आपण वर्षभर घातलेला पाला त्या फरकात जातो. दोन-चार घरांनी मिळून एक टांगता काटा घ्या. मुलीच्या वहीत दर महिन्याला बोकडाचं वजन लिहा. ती वही घेऊन बाजारात उभे राहा, मग भाव बोला.