काच फुटली, ठेव मोडायची का?

समजा, तुम्ही वापरलेली आलिशान गाडी घेतलीत आणि आईवडिलांना काशीला नेलंत. रामनगरचा किल्ला पाहून परतताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरच्या काचेला आडवा तडा गेला. अशा अनेक गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो; काच बदलली की तोही नव्याने जुळवावा लागतो. बिलाचा आकडा ऐकून माणूस मुदत ठेव मोडायला आमच्याकडे येतो.

थांबा, आधी पॉलिसी काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत; भोवतीच्या रबरावर मात्र ५० टक्के कापतात. इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं असेल, तर पहिले २००० रुपये तुम्हीच भरायचे. दावा केला की साचलेला नो क्लेम बोनस जातो, म्हणून वाढणारा हप्ता बिलाशी ताडून पाहा. (छोट्या गाडीची काच स्वस्त, तिथे बोनस राखणं कित्येकदा परवडतं.) कंपनीला कळवण्याआधी काच काढू नका.

आणि पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? गाडीची मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यायचा असतो. पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर तुमचा काचेचा दावा तिथेच अडतो.